नंदू नाटेकर आणि मनगटाची विद्या

मित्रहो, बॅडमिंटनचे फूल आपण कधी ना कधी हातात घेऊन पाहिले असेल. एका पंखाची सोळा पिसे, खाली बुचाची अर्धगोल टोपी, आणि सगळे मिळून वजन जेमतेम पाच ग्रॅम! एखाद्या पहिलवानाने अंगातले सारे बळ एकवटून ह्या फुलाला फटका मारला, तर काय होते? पहिल्या क्षणी ते बाणासारखे सुटते. पण लगेच पिसांना हवेचा अडसर होतो, त्याचा वेग ओसरतो आणि दमलेल्या पाखरासारखे ते खाली येते. क्रिकेटच्या चेंडूला जोराचा टोला मारला की तो सीमेपार जातो. टेनिसचा चेंडू टप्पा घेऊन आणखी पुढे पळतो. फुलाचे तसे नाही. नुसत्या बळाला ते दाद देत नाही. ते कुठे सोडायचे आणि केव्हा सोडायचे, हे ज्याला कळले त्याचेच ते ऐकते.

ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आज ज्यांच्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत त्या नंदू नाटेकरांच्या खेळाचे सारे मर्म तिच्यात आहे. नाटेकरांचा जन्म 12 मे 1933 रोजी सांगलीस झाला आणि 28 जुलै 2021 रोजी पुण्यास, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. परदेशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. साल होते 1956. आजच्या तरुण मुलांना विचारावे तर सायना नेहवाल, सिंधू, लक्ष्य सेन ही नावे तोंडपाठ असतात. थोडी मोठी मंडळी प्रकाश पदुकोण यांच्यापर्यंत पोचतात. त्याच्या मागे मात्र बहुतेकांच्या लेखी अंधार असतो. तो थोडा दूर करावा, आणि ‘पहिला’ ह्या शब्दाचे मोल कसे करावे ह्याचाही आपण मिळून विचार करावा, एवढाच आजच्या ह्या भाषणाचा हेतू आहे.

आता तुम्ही म्हणाल, बॅडमिंटन हा तर साहेबाचा खेळ. त्याचा नि आपला संबंध किती जुना? तर बघा, चांगला दीडशे वर्षांचा आहे. हिंदुस्थानात आलेले इंग्रज लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात हा खेळ खेळत. पुण्याच्या छावणीत तो इतका रुळला की त्याला ‘पूना’ असेही नाव पडले होते. पुढे इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या ‘बॅडमिंटन हाउस’ ह्या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. म्हणजे नाव तिकडचे असले, तरी ह्या खेळाचे बरेचसे लहानपण आपल्या पुण्यात गेले आहे! 1934 साली आपल्या देशात ह्या खेळाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात तर हा खेळ घराघरांत शिरला. क्रिकेटमधले आपले प्रा. दि. ब. देवधर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन ह्या तिघी मुली बॅडमिंटनच्या मैदानात उतरल्या, आणि चाळीसच्या दशकापासून पुढची काही वर्षे महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत देवधर हे नाव पुन्हा पुन्हा झळकत राहिले. एका बहिणीने जिंकायचे आणि दुसरीने हरायचे, असेही प्रसंग आले. घरातल्या घरात चषक फिरला, इतकेच!

तेव्हा खेळ होता, खेळाडू होते, हौसही होती. मग उणीव कशाची होती? आपला माणूस देशाबाहेर जाऊन जिंकतो, हे कोणी अजून पाहिले नव्हते. तसा एक जण अगदी दारापर्यंत जाऊन आला होता, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय नाटेकरांच्या कामगिरीचे वजन कळायचे नाही. ते खेळाडू म्हणजे लाहोरचे प्रकाश नाथ. 1947 च्या मार्चमध्ये ते आणि देविंदर मोहन असे दोघे हिंदुस्थानी खेळाडू ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धेसाठी लंडनला गेले. जागतिक अजिंक्यपदाची वेगळी स्पर्धा तेव्हा नव्हती. ऑल इंग्लंड जिंकणारा तोच जगज्जेता, असे सारे जग मानी. दैवयोग असा की, उपांत्यपूर्व फेरीत हे दोघे मित्रच एकमेकांसमोर आले. आपसात झुंजून दमण्यापेक्षा एकाने ताजेतवाने पुढे जावे, असे ठरवून त्यांनी चक्क नाणे उडवले. कौल प्रकाश नाथांच्या बाजूने पडला. त्यांनी पुढचीही फेरी जिंकली आणि ते अंतिम सामन्यात पोचले. पण सामन्याच्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडले तो लाहोर जळत असल्याची बातमी! घरचे लोक कुठे असतील, जिवंत तरी असतील का, ह्याचा पत्ता नाही. अशा मनःस्थितीत ते स्वीडनच्या कॉनी येप्सेनपुढे उभे राहिले आणि 7-15, 11-15 असे हरले. परत आले तेव्हा लाहोरचे घरदार राहिले नव्हते. मुंबईला येऊन त्यांनी नव्याने संसार उभा केला. स्पर्धेच्या खेळात मात्र ते पुन्हा उतरले नाहीत.

मित्रहो, खेळ हा जगाच्या उलथापालथीपासून अलिप्त असतो असे आपण म्हणतो. पण तसे नसते. पहिला मान ज्याला मिळू शकला असता, त्याच्या हातून तो फाळणीने हिरावून नेला. पुढची नऊ वर्षे ती जागा रिकामीच राहिली.

ह्या जागेवर येऊन बसणारा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि त्याला बॅडमिंटनपेक्षा टेनिसचा नाद अधिक होता. सांगली ही नाट्यपंढरी म्हणून आपण ओळखतो. पण क्रिकेटपटू विजय हजारे यांचा जन्मही तिथलाच, हे विसरू नये. त्याच सांगलीचा हा मुलगा टेनिसमध्ये इतका पुढे गेला की, 1951-52 च्या सुमारास तो कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. समोर मद्रासकडचा एक पोरगा होता. त्याचे नाव रामनाथन कृष्णन. पुढे ह्याच कृष्णन यांनी 1954 साली विंबल्डनचे कुमारांचे विजेतेपद मिळवले आणि 1960 व 1961 अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली. अशा खेळाडूपुढे नाटेकर हरले ह्यात नवल ते काय! पण ह्या हारीनंतर त्यांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटन जवळ केले.

एखाद्या सामन्यात हरल्यावर सर्वसाधारण माणूस काय करतो? एक तर नशिबाला बोल लावतो, नाहीतर ‘खेळात काय आहे’ म्हणून रॅकेट खुंटीला टांगतो. नाटेकरांनी ह्यांतले काहीच केले नाही. आपल्या हातात काय आहे आणि ते कुठल्या खेळात अधिक फळेल, ह्याचा विचार करून त्यांनी वाट बदलली. टेनिसमध्ये खांद्याचे आणि दंडाचे काम मोठे, बॅडमिंटनमध्ये मनगटाचे. आणि नाटेकरांचे मनगट ही काही औरच चीज होती. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हरणे आणि संपणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या हाती नसते. दुसरी पुष्कळशी आपल्याच हाती असते.

फळ लागलीच मिळाले. 1953 साली, विशीच्या उंबरठ्यावर, नाटेकर बॅडमिंटनचे राष्ट्रीय विजेते झाले. पुढच्या वर्षी, म्हणजे 1954 साली, त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. आज हा पल्ला ऐकायला लहान वाटेल. पण त्या काळची परिस्थिती जरा डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे बंदिस्त कोर्टे मोजकीच होती. उघड्यावर खेळायचे तर वाऱ्याची एक झुळूक फूल हातभर बाजूला नेते. म्हणून पहाटे नाहीतर संध्याकाळी, वारा पडल्यावर खेळायचे. रॅकेट लाकडी चौकटीची. दमट हवेने ती वाकू नये म्हणून स्क्रू लावलेल्या लाकडी चापात आवळून ठेवायची. शिकवायला पगारी मार्गदर्शक नाही, व्यायामाचे शास्त्र सांगणारा वैद्य नाही, प्रतिस्पर्ध्याचा खेळ आधी पडद्यावर पाहून ठेवण्याची सोय नाही. शिवाय खेळ सगळा हौशी. जिंकल्यावर हाती येणार चषक आणि टाळ्या; बॅडमिंटनमध्ये उघडपणे रोख बक्षिसे सुरू झाली ती 1980 च्या आसपास. लंडनच्या थंड दिवाणखान्यात, परक्या प्रकाशात, कधी न पाहिलेल्या माणसाच्या समोर उभे राहायचे, आणि खेळता खेळताच त्याचा खेळ ओळखायचा. ज्याने हे केले तो त्या वर्षी जगातल्या पहिल्या आठांत गणला गेला.

आता त्या मनगटाविषयी थोडे सांगायला हवे. नाटेकरांचा खेळ ज्यांनी पाहिला, ते त्यांच्या विजयांची यादी सांगत बसत नसत. ते सांगत, तो हाताचा झोका आणि ते ऐनवेळी वळणारे मनगट! बॅडमिंटनमध्ये डोक्यावरून मारायचे फटके मुख्यतः तीन. एक, जोराने खाली ठोकायचा, त्याला स्मॅश म्हणतात. दुसरा, उंच उडवून पार मागच्या रेघेवर टाकायचा. तिसरा, जाळ्याला लगटून अलगद पलीकडे सोडायचा, तो ड्रॉप. साधा खेळाडू हे तीन फटके तीन तऱ्हांनी मारतो, त्यामुळे समोरच्याला आधीच सुगावा लागतो. कसबी खेळाडू हे तिन्ही एकाच तऱ्हेने मारायला घेतो. हात तसाच वर जातो, खांदा तसाच वळतो, आणि फुलाला तार लागण्याच्या अगदी अखेरच्या क्षणी मनगट ठरवते की हे फूल जाणार कुठे. समोरच्याने स्मॅश येणार म्हणून पाय रोवले, तर फूल जाळ्याजवळ टपकन पडते. जाळ्याकडे धाव घेतली, तर ते डोक्यावरून मागे जाते. एकदा पाऊल चुकले की ते सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचे फूल आलेले असते.

एकेरीचे कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब आणि सतरा फूट रुंद. त्यातला निम्मा भाग आपला. म्हणजे बावीस फूट गुणिले सतरा फूट एवढीच जमीन राखायची. पण तिच्या चारी कोपऱ्यांना माणसाला धावायला लावले, तर अर्ध्या तासात धट्टाकट्टा गडी धापा टाकू लागतो. त्या काळचे गुणही आजच्यासारखे मोजत नसत. सर्व्हिस ज्याच्याकडे असेल त्यालाच गुण मिळे. दुसऱ्याने फटका जिंकला तर फक्त सर्व्हिस पालटे. त्यामुळे पंधरा गुणांचा एक डाव कधी कधी लांबतच जाई आणि गुणफलक जागचा हलत नसे. (प्रत्येक फटक्याला गुण आणि एकवीस गुणांचा डाव, ही पद्धत 2006 साली आली.) अशा खेळात आडदांडपणा लवकर थकतो. डोके थंड ठेवून, कमीत कमी कष्टांत दुसऱ्याला जास्तीत जास्त पळवणारा टिकतो. नाटेकरांच्या खेळातले लालित्य सगळे मान्य करतात. पण त्या लालित्याच्या पोटी हिशेब होता, हे फारसे कोणी सांगत नाही. अपुरी साधने, अपुरा सराव आणि मोठमोठे प्रवास ह्यांच्या जोडीने जगाशी झुंजायचे, तर अंगमेहनतीच्या जोरावर ते जमणार नव्हते. आपल्याजवळ जे आहे त्यातूनच शस्त्र घडवायचे होते. ते त्यांनी मनगटातून घडवले.

ह्या शस्त्राची कसोटी 1956 साली लागली. त्या वर्षी क्वालालंपूर येथे सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आता मलाया म्हणजे त्या काळी बॅडमिंटनची राजधानीच म्हणा ना! सर जॉर्ज थॉमस ह्या इंग्रज गृहस्थांनी, जे बॅडमिंटनइतकेच बुद्धिबळातही नामांकित होते, देशादेशांतल्या पुरुष संघांसाठी एक चषक दिला. तोच थॉमस चषक. तो पहिल्यांदा 1949 साली खेळला गेला, आणि 1949, 1952 व 1955 असा सलग तीन वेळा मलायाने जिंकला. ऑल इंग्लंडवरही त्यांचीच सत्ता होती. वाँग पेंग सून आणि एडी चूंग ही त्यांची दोन नावे नुसती ऐकून भले भले दचकत. मलाया तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. ते स्वातंत्र्य 1957 साली आले. म्हणजे एका पारतंत्र्यातल्या लहानशा देशाने हा खेळ आपला मानाचा झेंडा करून टाकला होता. अशा ठिकाणी, त्यांच्याच लोकांसमोर, त्यांच्याच हवेत खेळून नाटेकरांनी एकेरीचे अजिंक्यपद मिळवले. वाघाच्या गुहेत शिरून परत येणे म्हणतात, ते हे.

भारतीय बॅडमिंटनच्या इतिहासात देशाबाहेर जिंकलेले हे पहिले आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद. स्वराज्य मिळून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. हॉकीचा अपवाद सोडला, तर परदेशात जाऊन जिंकण्याची आपल्याला फारशी सवय नव्हती. ‘चांगली झुंज दिली’ एवढ्यावर आपण समाधान मानत असू. तिथे एक मराठी तरुण एकटा जातो आणि जिंकून येतो, ह्याचा परिणाम नुसत्या चषकावरून मोजता येत नाही.

थॉमस चषकाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी दोन शब्द. त्या काळी ही स्पर्धा दर तीन वर्षांनी होई, आणि एका लढतीत पाच एकेरी व चार दुहेरी असे नऊ सामने असत. भारताचा संघ त्या दिवसांत काही कच्चा नव्हता. 1952 साली आंतरविभागीय फेरीत आपण डेन्मार्कला हरवले होते आणि अमेरिकेपुढे 5-4 असे, म्हणजे केवळ एका सामन्याच्या फरकाने, हरलो होतो. 1955 साली आपण त्याच अमेरिकेला हरवून उट्टे काढले आणि मग डेन्मार्कपुढे मान तुकवली. त्रिलोकनाथ सेठ यांच्यासारखे तालेवार खेळाडू नाटेकरांच्या बरोबरीने ह्या काळात खेळत होते. थॉमस चषकाच्या लढतींत नाटेकरांनी एकेरीचे 16 सामने खेळले आणि त्यांतले 12 जिंकले. दुहेरीच्या 16 पैकी 8 जिंकले. एकेरीत चारांतले तीन सामने देशासाठी जिंकून देणारा खेळाडू कोणत्याही कप्तानाला हवाच असतो. पुढे ते स्वतःच भारतीय संघाचे कप्तान झाले आणि त्यांनी तीनदा संघाचे नेतृत्व केले.

आणि घरच्या मैदानावर? एकेरीत सहा, दुहेरीत सहा आणि मिश्र दुहेरीत पाच अशी सतरा राष्ट्रीय अजिंक्यपदे! एकेरीतले पहिले 1953 चे, अखेरचे 1965 चे. मध्ये बारा वर्षे लोटली. ह्या बारा वर्षांत मागून येणारी नवी पोरे त्यांच्याहून चपळ होती, त्यांच्याहून दमदार होती. तरी तिशी उलटून गेलेला हा गृहस्थ एक तप उलटल्यावर पुन्हा राष्ट्रीय विजेता होतो, ह्याचे रहस्यही मनगटातच आहे. पायांचा वेग वयाबरोबर कमी होतो. मनगटाची विद्या वयाबरोबर पिकते. गवयाचा आवाज उतारवयात पूर्वीसारखा चढत नाही, पण एखादी जागा तो अशी घेतो की ऐकणारे माना डोलावतात. तसेच हे.

1961 साली भारत सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत बॅडमिंटनसाठी नंदू नाटेकरांचे नाव होते. आणि टेनिससाठी कोणाचे असावे? रामनाथन कृष्णन यांचे! दहा वर्षांपूर्वी कुमारांच्या अंतिम सामन्यात जे दोन मुलगे जाळ्याच्या दोन बाजूंना उभे होते, ते एकाच यादीत शेजारी येऊन बसले. त्या दिवशी एक जिंकला होता आणि एक हरला होता. दहा वर्षांनी मागे वळून पाहिले तर दोघेही जिंकलेलेच दिसले. पुढे नाटेकरांचे चिरंजीव गौरव यांनी वडिलांची सुटलेली टेनिसची वाट पुन्हा धरली, 1994 च्या आशियाई खेळांत लिअँडर पेस यांच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले आणि तेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले.

इथवर ऐकून तुमच्यापैकी एखादा चिकित्सक म्हणेल, “सगळे खरे, पण ऑल इंग्लंड काही नाटेकरांनी जिंकली नाही. ती 1980 साली प्रकाश पदुकोण यांनी जिंकली. थॉमस चषकही त्यांच्या काळात आला नाही. मग त्यांना एवढे मोठे कशाला म्हणायचे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे.

ह्याचे उत्तर माझ्या मते असे आहे. डोंगरावर पहिला माणूस चढतो तेव्हा तो शिखरावर पोचतोच असे नाही. पण तो जिथवर गेला तिथवर वाट पडते. दुसऱ्याला तेवढा भाग शोधावा लागत नाही. तिथपर्यंतचे त्याचे बळ राखलेले असते आणि ते तो वरच्या चढणीला लावतो. 1956 च्या आधी आपल्याकडच्या होतकरू खेळाडूच्या मनात शंका असे की, ‘भारतीयाला बाहेर जिंकता येईल का?’ 1956 नंतर ती शंका उरली नाही. ‘ह्या खेपेस कोण जिंकेल?’ एवढेच विचारायचे राहिले. हा फरक गुणफलकावर लिहिलेला सापडत नाही, पण मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी तो उभा असतो.

आणि मागून येणाऱ्यांची रांग तरी केवढी! 1965 साली लखनौला दिनेश खन्ना आशियाई विजेते झाले. 1971 पासून सलग नऊ वर्षे प्रकाश पदुकोण राष्ट्रीय विजेते राहिले आणि 1980 साली इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग यांना 15-3, 15-10 असे सरळ हरवून त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली. 1947 च्या त्या जळत्या सकाळी प्रकाश नाथांच्या हातून जे निसटले होते, ते तेहेतीस वर्षांनी दुसऱ्या प्रकाशाने परत आणले! 2001 साली पुल्लेला गोपीचंद यांनी तोच पराक्रम केला. 2012 साली सायना नेहवाल यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. सिंधू यांनी 2016 साली रौप्य, 2021 साली टोकियोत कांस्य आणि मध्ये 2019 साली जगज्जेतेपद मिळवले. आणि 15 मे 2022 रोजी बँकॉक येथे भारताने इंडोनेशियाला 3-0 असे हरवून थॉमस चषक पहिल्यांदा आपल्या नावावर केला. त्या विजयात दुहेरीचा सामना जिंकणाऱ्या जोडीत मुंबईचा चिराग शेट्टी होता. ज्या चषकासाठी नाटेकरांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, तो चषक त्यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांच्या आत घरी आला. तीनच दिवसांपूर्वी त्यांची जन्मतारीख येऊन गेली होती. हयात असते तर त्यांना एकोणनव्वद वर्षे पुरी झाली असती.

हे योगायोग मी हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. पाया घालणारा नेहमीच कळस पाहायला उरतो असे नाही, आणि त्यावाचून पायाचे काही अडतही नाही. अडते ते आपले. पाया विसरला की कळस आभाळातून पडल्यासारखा वाटू लागतो. मग आजच्या मुलाला वाटते की, मोठे सभागृह, परदेशी शिक्षक, महागडी रॅकेट आणि भरपूर पैसा असल्याखेरीज काही करताच येत नाही. ही साधने हवीतच, ती जितक्या जणांना मिळतील तितके चांगले. त्याविषयी दुमत नाही. पण ती नसतानाही एका मुलाने लाकडी रॅकेट घेऊन काय केले होते, हे त्याच्या कानावर घातले पाहिजे. सांगली, मिरज, अकोला, जळगाव अशा गावांतल्या ज्या पोरांच्या वाट्याला अजूनही ही साधने आलेली नाहीत, त्यांना तर ही गोष्ट फारच जवळची वाटेल.

तेव्हा ह्यापुढे तुम्ही बॅडमिंटनचा सामना पाहायला बसाल तेव्हा एक करा. धाडकन मारलेल्या फटक्याला टाळ्या वाजवाच. तो त्यांचा मान आहे. पण मधून मधून फुलावरची नजर काढून खेळणाऱ्याच्या मनगटावर ठेवा. हात सगळा एका बाजूला जात असताना अखेरच्या क्षणी मनगट किंचित वळेल, समोरचा गडी जागच्या जागी खिळून राहील, आणि फूल जाळ्याला चाटून पलीकडे अलगद उतरेल. असे घडले, म्हणजे समजा की नंदू नाटेकरांची विद्या अजून कोणीतरी राखून आहे.